जुने फोटो, मोडी कागद आणि स्कॅनरची काच : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरातले जुने फोटो आणि कागदपत्रे फ्लॅटबेड स्कॅनरवर कशी उतरवून घ्यावीत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे १९५५ ते १९९५ या काळातले सुमारे चारशे फोटो तीन आल्बममध्ये आहेत. नव्या स्कॅनरच्या खोक्यावर ‘४८०० × ९६०० डीपीआय’ असे छापले आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की, सर्वांत मोठा आकडा निवडावा, म्हणजे पुन्हा चिंता नको. तसे करावे का? आणि फाइल टिफमध्ये ठेवावी की जेपेगमध्ये? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : दुकानदाराचा सल्ला मानू नये. डीपीआय म्हणजे एका इंचात टिपले जाणारे ठिपके. खोक्यावरच्या दोन आकड्यांपैकी लहान आकडा हा साधारणपणे स्कॅनरच्या डोळ्याचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचा असतो. मोठा आकडा ती पट्टी पुढे सरकवणारी मोटर किती बारीक पावले टाकते ते सांगतो. काही खोक्यांवर याहून मोठा, पाच अंकी आकडाही झळकतो. तो केवळ हिशेबाने वाढवलेला असतो, म्हणजे दोन खऱ्या ठिपक्यांच्या मध्ये संगणक अंदाजाने तिसरा ठिपका भरतो. त्यातून फोटोतला एकही नवा तपशील हाती लागत नाही.

आता आपल्या फोटोंचा हिशेब करू. सहा बाय चार इंचांचा फोटो ६०० डीपीआयने उतरवला तर ३६०० × २४०० पिक्सेलची प्रतिमा मिळते. ती सुमारे ८६ लाख पिक्सेलची असून रंगीत टिफ फाइल २६ एमबीच्या आसपास होते. तोच फोटो ४८०० डीपीआयने उतरवला तर पिक्सेल ५५ कोटींवर जातात आणि एका फोटोला दीड जीबीहून अधिक जागा लागते. कागदावर छापलेल्या साध्या फोटोत मुळात इतका तपशीलच नसतो. बहुतेक छापांतला तपशील ३०० डीपीआयलाच संपतो; ६०० घ्यायचे ते पुढेमागे दुप्पट आकाराची छपाई करता यावी आणि डाग-ओरखडे काढताना हाताशी थोडी मोकळीक असावी म्हणून. पन्नास-साठच्या दशकांत निगेटिव्हच्या आकाराचेच, दोन-सव्वादोन इंचांचे चौकोनी छाप मिळत असत. आपल्या आल्बममध्ये तसे छाप असतील, तर त्यांना मात्र १२०० द्यावे. ते निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले असल्यामुळे त्यांत आश्चर्य वाटावे इतका बारकावा असतो, साडीच्या काठावरची नक्षीसुद्धा मोजता येते.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याला अनुभवाचे कारण आहे. वडिलांचा आल्बम मी पहिल्यांदा हाती घेतला तेव्हा २४०० डीपीआयवर हटून बसलो. पंधरा दिवसांत अकरा पाने झाली, संगणकातली जागा संपली आणि उरलेला आल्बम दीड वर्ष कपाटात पडून राहिला. त्या दीड वर्षात, त्यातली माणसे नावानिशी ओळखू शकणारी आत्या गेली. फोटो पुसणे, ठेवणे, उतरवणे आणि फाइलला नाव देणे या सगळ्याला फोटोमागे तीन मिनिटे धरली, तरी आपल्या चारशे फोटोंना वीस तास लागणार आहेत. जागा विकत मिळते, हे वीस तास आणि ओळख सांगणारी माणसे मिळत नाहीत. म्हणून काम पुरे होईल असाच आकडा निवडावा.

कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत पद्धतीनेच उतरवावेत. जुना छाप पूर्ण काळा-पांढरा कधीच नसतो. तो पिवळसर झालेला असतो, त्यावर चहाचा डाग असतो, कडेला चांदीसारखी झाक आलेली असते, कधी स्टुडिओतल्या कारागिराने गालांवर हाताने रंगही भरलेला असतो. रंगीत प्रतीतून पुढे हवी तेव्हा कृष्णधवल प्रत काढता येते, उलटे करता येत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर पडले असतील तर ते ४८ बिट रंगात घ्यावेत, कारण उडालेला निळा-हिरवा रंग परत खेचताना त्या जादा माहितीचा उपयोग होतो. एरवी २४ बिट पुरतात. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘ऑटो’ सुधारणा बंद ठेवाव्यात. त्या बहुधा पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या आणि काळ्या कोटाची बटणे पुसून टाकतात, आणि एकदा पुसलेले त्या फाइलमध्ये परत येत नाही.

राहता राहिला टिफ-जेपेगचा प्रश्न. मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये; नातेवाइकांना पाठवण्यासाठी, छपाईसाठी आणि दुरुस्तीसाठी तिच्यापासून जेपेग प्रती काढाव्यात. जेपेग फाइल उघडून, बदलून पुन्हा साठवली की दर वेळी थोडी माहिती गळते. चारशे टिफ मिळून दहा-अकरा जीबी होतील, म्हणजे एका साध्या पेनड्राइव्हवर मावतील. मात्र एकाच पेनड्राइव्हवर विसंबू नये. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे असावी. फोटोच्या मागे पेन्सिलीने काही लिहिले असेल किंवा स्टुडिओचा शिक्का असेल, तर मागची बाजूही उतरवावी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग प्रसंग आणि मग क्रमांक लिहावा. नाहीतर संगणक प्रत्येक फोटोवर स्कॅन केल्याची तारीख लावतो आणि १९५८ सालचे बारसे चालू वर्षात जाऊन बसते.

प्रश्न : आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो चौकटीच्या काचेला आतून चिकटला आहे, आणि एका कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसते. तो सोडवून स्कॅन कसा करावा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तो सोडवू नये. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो मऊ होऊन काचेला धरतो आणि सुकल्यावर पक्का बसतो. काच ओढून काढली तर कागद आपल्या हातात येतो आणि चेहरे काचेवर राहतात. चौकट, पुठ्ठा आणि खिळे मागच्या बाजूने काढावेत आणि काच व फोटो एकजीव आहेत तसेच स्कॅनरवर ठेवावेत.

इथे स्कॅनरचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. सीसीडी जातीच्या स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असल्यामुळे काचेपासून काही मिलिमीटर वर असलेली वस्तूही बऱ्यापैकी स्पष्ट येते. पातळ, हलक्या आणि यूएसबीच्या तारेवरच चालणाऱ्या सीआयएस जातीच्या स्कॅनरला असे भिंग नसते. त्याची नजर काचेच्या पृष्ठभागावरच असते, त्यामुळे चौकटीच्या काचेची दोन-तीन मिलिमीटर जाडी मध्ये आली की चेहरे धूसर होतात. आपला स्कॅनर दुसऱ्या प्रकारचा असेल तर हट्ट सोडावा आणि खिडकीतल्या सौम्य उजेडात चांगल्या कॅमेऱ्याने सरळ समोरून फोटो घ्यावा. कॅमेऱ्याच्या मागे काळे कापड धरावे, म्हणजे काचेत आपलेच प्रतिबिंब उमटत नाही.

बुरशी ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह होतो, तो टाळावा. बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि पुसताना चित्रच निघून येते. फोटो पावसाळा संपल्यावर कोरड्या, वारा खेळणाऱ्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवावा, उन्हात ठेवू नये. काम झाल्यावर स्कॅनरची काच स्वच्छ करावी. द्रव काचेवर न फवारता मऊ फडक्यावर घ्यावा, कारण कडेने आत गेलेला थेंब आतल्या बाजूने सुकतो आणि तो डाग बाहेरून पुसता येत नाही.

प्रश्न : पणजोबांच्या काळापासूनचे मोडी कागद एका रुमालात बांधलेले आहेत. काही पाठपोट लिहिलेले आहेत, काही ए-फोर आकाराहून लांब आहेत आणि दोन बांधलेल्या वह्याही आहेत. स्कॅन केल्यावर मागची अक्षरे पुढे उमटतात. संगणकाला ही अक्षरे वाचता येतील का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : या पत्रात चार-पाच प्रश्न दडले आहेत, आणि त्यांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो आपण विचारलेला नाही. रुमाल सोडल्याबरोबर, एकही कागद हलवण्याआधी, क्रम लिहून घ्यावा. कोणता कागद कोणत्या घडीत होता, कोणता कोणाला टाचलेला होता, ही माहिती अभ्यासकाला मजकुराइतकीच उपयोगी पडते. तारीख नसलेल्या पत्राचा काळ पुष्कळदा त्याच्या शेजारच्या कागदावरून ठरतो. प्रत्येक कागदाला वेगळ्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने क्रमांक द्यावा आणि तोच फाइलच्या नावात घ्यावा. विषयवार ‘नीट लावून ठेवण्याचा’ उत्साह आवरावा.

मागची अक्षरे पुढे दिसण्याचे कारण स्कॅनरच्या झाकणाची पांढरी बाजू हे आहे. प्रकाश पातळ कागदातून आरपार जातो, पांढऱ्या झाकणावर आपटून परततो आणि येताना मागची शाई बरोबर आणतो. कागदाच्या मागे काळा कार्डशीट ठेवला की प्रकाश तिथेच शोषला जातो आणि मागची अक्षरे बरीचशी नाहीशी होतात. पान थोडे गडद येते, पण ती उणीव नंतर प्रतीत भरून काढता येते. रंगीत आणि ४०० डीपीआय ही बैठक मोडीसाठी पुरेशी आहे. बोरूची फाकलेली टोके, शाईचा फिकट होत जाणारा ओघ आणि शिक्क्याची कडा एवढ्यात नीट येते. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय मात्र मुळीच निवडू नये. तो प्रत्येक ठिपक्याला पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा ठरवतो. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून मग तिला लोंबती अक्षरे हात न उचलता लिहीत, आणि त्या ओघातले बारीक दुवे या पर्यायात तुटतात.

लांब कागद दोन-तीन भागांत उतरवावा. प्रत्येक भागात आधीच्या भागाचा निदान चौथा हिस्सा पुन्हा आला पाहिजे, म्हणजे पुढे जोडताना ओळी जुळतात. कागद सरकवताना तो फिरवू नये आणि झाकण त्याच्यावर दाबू नये. घडीवर कागद तडकत असेल, तर त्याला इस्त्री करणे किंवा पाण्याचा हात लावणे हे घरगुती उपाय विसरावेत. बांधलेल्या वह्या फ्लॅटबेडवर पालथ्या घालणे मला पटत नाही. पान सपाट बसावे म्हणून पाठीवर जोर द्यावा लागतो, शिवण उसवते आणि एवढे करूनही शिवणीजवळची अक्षरे काळवंडतातच. वही टेबलावर अर्धवट उघडी ठेवून, दोन्ही बाजूंना पुस्तकांचा आधार देऊन, वरून कॅमेऱ्याने टिपावी. सुटे कागद स्कॅनरवर आणि शिवलेले कागद कॅमेऱ्याखाली, एवढा भेद पाळला की बरेच नुकसान टळते. स्कॅनरच्या प्रकाशाने शाई उडेल अशी भीती काहींना वाटते. एकदोन वेळच्या काही सेकंदांनी तसे होत नाही, पण एकच कागद वारंवार काचेवर ठेवू नये.

संगणकाकडून वाचून घेण्याबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० या आवृत्तीत स्थान मिळाले, त्यामुळे मोडी अक्षरे संगणकावर लिहिता येतात. हाताने लिहिलेले मोडी संगणकाने वाचणे ही वेगळी गोष्ट आहे. छापील देवनागरीचा ३०० डीपीआयचा स्वच्छ स्कॅन मजकुरात बदलणारी साधने, उदाहरणार्थ मोफत मिळणारे टेसरॅक्ट, मराठीसाठी उपलब्ध आहेत आणि बऱ्यापैकी काम करतात. आपल्या रुमालासाठी मात्र मोडी वाचणारे माणूसच गाठावे. पुण्यात राजवाड्यांनी १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे चौकशी करण्यासारखी आहे. जाताना रुमाल नेऊ नये, स्कॅन न्यावेत.

प्रश्न : माझ्या प्रत्येक स्कॅनवर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ येते. काच दहा वेळा पुसली. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : काचेवर कण असेल तर प्रत्येक स्कॅनमध्ये त्याच जागी ठिपका येतो, रेघ येत नाही. रेघ येते याचा अर्थ दोष प्रकाश टिपणाऱ्या पट्टीबरोबर प्रवास करतो आहे. स्कॅनर दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी काचेच्या टोकाला, आतल्या बाजूने लावलेली पांढरी पट्टी पाहून ‘पांढरे म्हणजे किती पांढरे’ ते ठरवतो. त्या पट्टीवर धुळीचा कण असला की त्या जागचा अंदाज चुकतो आणि चूक पानभर ओढली जाते. यंत्र पालथे करून हलकेच थोपटल्यावर कण कधी कधी पडतो. तेवढ्याने न भागल्यास काच उघडून आतून साफ करावी लागेल. हमीची मुदत शिल्लक असेल तर ते काम दुरुस्ती केंद्राकडे सोपवावे. वरच्या कागदसरकातून, म्हणजे कागद आपोआप ओढणाऱ्या भागातून स्कॅन केल्यावरच रेघ येत असेल, तर मोठ्या काचेशेजारची बोटभर रुंदीची काच पुसावी. तिच्यावर बहुधा व्हाइटनरचा वाळलेला थेंब सापडतो.

प्रश्न : भरतीच्या अर्जासाठी प्रमाणपत्र २०० केबीच्या आत हवे आहे, पण माझा स्कॅन ३ एमबीचा आहे. तसेच, सगळे स्कॅन करून ठेवल्यावर मूळ कागद सांभाळण्याची गरज उरते का? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : ए-फोर पान ३०० डीपीआयने २४८० × ३५०८ पिक्सेलचे होते, तेच १५० डीपीआयने १२४० × १७५४ होते, म्हणजे पिक्सेल एकचतुर्थांश राहतात. आधी आकार १५० वर आणावा, रंगीत शिक्क्याची अट नसेल तर करड्या छटांत साठवावे, आणि त्यानंतरच जेपेगचा दर्जा थोडा उतरवावा. पुष्कळ जण आकार तसाच ठेवून दर्जा तळाला नेतात, त्यामुळे अक्षरांभोवती मळकट कण जमतात आणि अर्ज परत येतो.

मूळ कागद सांभाळावेच लागतात. आपण घरी केलेला स्कॅन ही नक्कल आहे. तो डिजिलॉकरमध्ये स्वतः चढवला म्हणून तो मूळ कागद होत नाही. ज्या मंडळाने किंवा खात्याने दस्तऐवज दिला, त्यानेच तो डिजिलॉकरमध्ये थेट उपलब्ध केला असेल तर त्याला नियमानुसार मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जाते. या दोन कप्प्यांतला फरक मुलाखतीच्या दिवशी कळण्यापेक्षा आताच तपासून पाहावा. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र यांच्या बाबतीत तर मूळ कागद फेकण्याचा विचारही मनात आणू नये.

प्रश्न : वडिलांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या निगेटिव्हची डबी सापडली. काही नंतरच्या ३५ मिलिमीटरच्या पट्ट्याही आहेत. साध्या स्कॅनरवर ठेवल्या तर काळाकुट्ट चौकोन येतो. (एक मराठी वाचक, वडोदरा)

उत्तर : साधा स्कॅनर परावर्तित प्रकाश टिपतो, निगेटिव्हमधून मात्र प्रकाश आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणातही दिवा असलेला स्कॅनर हवा. तसा नसेल तर विकत घेण्याची घाई करू नये, ओळखीच्या जुन्या स्टुडिओत विचारावे.

क्लिक थ्रीची निगेटिव्ह मोठी, सुमारे ५६ मिलिमीटर चौकोनी असते, त्यामुळे २४०० डीपीआयलाही प्रत्येक बाजूला पाच हजारांहून अधिक पिक्सेल मिळतात. कॅमेरा साधा आणि भिंग एकेरी असल्यामुळे याहून वर जाण्यात अर्थ नाही. ३५ मिलिमीटरची चौकट अवघी ३६ × २४ मिलिमीटरची असते. तिला ३२०० द्यावे, म्हणजे सुमारे ४५०० × ३००० पिक्सेल होतात. निगेटिव्ह काचेला टेकली की तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलये उमटतात, म्हणून ती स्कॅनरसोबत मिळणाऱ्या चौकटीत अडकवून काचेपासून किंचित उचललेली ठेवावी. बोटांचे ठसे नकोत म्हणून ती कडेलाच धरावी.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. अशा काही स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ ओळखून ती आपोआप पुसण्याची सोय असते. रंगीत निगेटिव्हवर ती उत्तम चालते, कारण रंगद्रव्यांतून हे किरण पार होतात आणि फक्त धुळीला अडतात. जुन्या कृष्णधवल निगेटिव्हमधले चित्र चांदीच्या कणांचे असते, आणि चांदीलाही ते अडतात. मग यंत्र वडिलांच्या मिशा आणि आईच्या केसांतली वेणी धूळ समजून पुसायला लागते. क्लिक थ्रीच्या डबीसाठी ती सोय बंद ठेवावी आणि धूळ रबरी फुंकणीने आधीच उडवून टाकावी.